तारखेचा वार क्षणात सांगणाऱ्याला निफ्टीही सांगता येईल का?

चाटीगल्ली:

काही माणसांच्या डोक्यात जन्मापासूनच एखादी अचाट गोष्ट बसलेली असते. कुणी एकदा ऐकलेली चाल पेटीवर जशीच्या तशी वाजवतं, कुणी पानंच्या पानं पाठ म्हणतं, कुणी कुठल्याही तारखेचा वार सांगतं. सॅव्हंट म्हणतात अशांना. अशा डोक्याचा शेअर बाजाराचा अंदाज घ्यायला उपयोग होईल का? थट्टा करत नाहीये, खरंच विचारतोय.

विचारायचं कारण घरातलं आहे. माझा भाचा १९ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला). बोलणं मोजकं, पण वारांच्या बाबतीत कालनिर्णयचा बाप. दाजींचे एक मित्र नवी पेठेत सबब्रोकर, म्हणजे शेअर दलाल आहेत. ते परवा घरी आले आणि त्यांनी बाजारातल्याच तारखा विचारायला सुरुवात केली. १९ ऑक्टोबर १९८७, अमेरिकेचा बाजार एका दिवसात २२.६ टक्के पडला तो दिवस. भाचा पंख्याकडे बघत म्हणाला, "सोमवार." २८ एप्रिल १९९२, हर्षद मेहता प्रकरणातली मोठी पडझड. "मंगळवार." २३ मार्च २०२०, करोनातली आपटी. "सोमवार." मग मी आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या फाशीची तारीख विचारली, १२ जानेवारी १९३१. तोही सोमवारच निघाला. मोबाईलवर ताडून पाहिलं, सगळं बरोबर.

तेव्हापासून या गृहस्थांच्या डोक्यात किडा वळवळतोय. याला निफ्टीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाचा, दहा-बारा वर्षांचा रोजचा डेटा दाखवू, याला काहीतरी दिसेल जे आपल्याला दिसत नाही. नंतर याच्या नावाने डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) उघडू, वगैरे. ताईला हे अजिबात पटलेलं नाही. दाजी कुंपणावर. मी स्वतः पूर्ण फेटाळू शकत नाही. आकड्यांत खोल काही लपलेलं असेल तर ते अशाच नजरेला दिसणार ना?

बार्शीलाईट:

पहिला नंबर माझा. भाच्याला आधी विचारा, आमच्या गल्लीत पाणी कुठल्या वारी येणार. ते जमलं तर निफ्टी म्हणजे किस झाड की पत्ती.

हुरडा_हुरडा:

काय बोललाला बे बार्शी. चार दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात ह्यो प्रश्न निफ्टीपेक्षा अवघड हाय.

थीटा_खाणारा:

मी आठ-नऊ वर्षं ऑप्शन्स (शेअरच्या पुढच्या भावावरचे करार) विकतोय, त्यामुळे माझी दोन पैशांची भर.

सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. आता या एक कोटीत स्मरणशक्ती चांगली असलेले, गणितात पहिले आलेले, आयआयटीवाले कुणीच नसतील का? ढिगाने असतील. मागचे आकडे पाठ असण्याने बाजारात काही मिळत नाही, कारण मागचे आकडे फुकट आहेत. एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) साइटवर सगळ्यांना एकाच वेळी मिळतात. तुमच्या भाच्याच्या डोक्यात आहे ते माझ्या लॅपटॉपमध्ये आहे आणि माझ्यासमोर बसलेल्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये माझ्या हजारपट वेगाने आहे.

क्वांटम_काका:

थीटाभाऊ, इथे असहमत. "मागच्या आकड्यांत काही नाही" हे पुस्तकी वाक्य आहे. जिम सायमन्स हा गणिताचा प्राध्यापक, आधी गुप्त संदेश फोडायच्या कामावर होता. त्याने रेनेसान्स टेक्नॉलॉजीज काढली, आणि शेअर बाजारातली माणसं न घेता गणिती, खगोलशास्त्रवाले, आवाज ओळखणाऱ्या यंत्रांवर काम केलेले लोक घेतले. त्यांच्या मेडॅलियन फंडाचा १९८८ पासूनच्या तीस वर्षांचा परतावा, शुल्क कापण्याआधी, वर्षाला सरासरी ६६ टक्के सांगितला जातो. त्यांनी काय केलं? मागच्या आकड्यांतच नमुने शोधले. म्हणजे नमुने असतात. प्रश्न ते कुणाला दिसतात एवढाच आहे. धागाकर्त्याचा प्रश्न मला अजिबात खुळा वाटत नाही.

थीटा_खाणारा:

काका, मेडॅलियनचेच लोक सांगतात की त्यांचे सौदे निम्म्याहून जेमतेम थोडे जास्त वेळा बरोबर येतात. लाखो सौदे, प्रत्येकात चिमूटभर फायदा, वर उधारीचा जोर. त्यात कुणाला काही "दिसत" नाही हो. उद्या निफ्टी वर की खाली, हे सांगणारा एक माणूस आणि लाखो सौद्यांतून कणकण वेचणारं यंत्र यांत काय साम्य?

क्वांटम_काका:

साम्य एवढंच की दोन्ही ठिकाणी गोष्ट आकड्यांत होती आणि बाकीच्यांना दिसली नव्हती. असो, मी मुद्दा सोडलेला नाही. :)

कडक_भाकरी:

मी निवृत्त गणित शिक्षक. बाजारातलं मला कळत नाही, वारातलं कळतं.

चाटीगल्ली, भाचा काय करतो हे आधी समजून घ्या. आपलं कॅलेंडर ४०० वर्षांनी जसंच्या तसं परत येतं. ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस, त्याला ७ ने नि:शेष भाग जातो, बरोबर २०,८७१ आठवडे. वर्षाचे एकूण प्रकार फक्त १४. सात वारांनी सुरू होणारी साधी वर्षं आणि सात लीप वर्षं, संपलं. त्यातही आतल्या आत सोयरीक आहे. एक गंमत सांगतो: ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर, १२ डिसेंबर. कुठलंही वर्ष घ्या, या पाच तारखांचा वार एकच असतो. २०२६ मध्ये तो शनिवार आहे. घरातलं कॅलेंडर उघडून बघा.

हे ज्याच्या अंगात मुरलं त्याला तारीख ऐकली की वार दिसतो. त्याला हिशोब करतोय असं वाटतही नसेल. पण तिथे नियम आहे आणि नियम कधी फिरत नाही. १२ जानेवारी १९३१ चा सोमवार सरकार बदललं म्हणून मंगळवार होत नाही.

अनघा_जुळे_सोलापूर:

सर, बघितलं. पाचही शनिवार!! आता ऑफिसमध्ये सगळ्यांना पिडणार मी यावरून.

बार्शीलाईट:

सरांनी पंचेचाळीस मिनिटांचा तास एका परिच्छेदात घेतला. आमच्या वेळी असे सर असते तर मी आज इथे नसतो, मेडॅलियनमध्ये असतो.

फॅमिली_पेन्शन:

सर्वांचा मान राखून लिहितो. ज्या गोष्टी तर्काने कळत नाहीत त्या नसतातच, असं समजू नये. शकुंतला देवींनी १९८० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात १३ अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला. त्या ज्योतिषही सांगत. गणित आणि भविष्य एकाच डोक्यात होतं ना? मग?

कडक_भाकरी:

पेन्शनसाहेब, गुणाकार तपासून पाहिला म्हणून त्याची नोंद झाली. एकाच डोक्यात दोन गोष्टी असल्या म्हणून एकीचं प्रमाणपत्र दुसरीला चिकटवता येत नाही. न्यूटनपेक्षा मोठं गणिती डोकं कुठलं घ्यायचं? १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरांत त्यानेही मोठी रक्कम घालवली.

निरंजना:

उशिरा पाहिला धागा. मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात विशेष मुलांसोबत काम करते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी एक. सगळी स्वमग्न मुलं सॅव्हंट नसतात. नेहमी दिला जाणारा आकडा साधारण दहात एक असा आहे. आणि सगळे सॅव्हंट स्वमग्नही नसतात. किम पीक (१९५१-२००९) हा सगळ्यांत गाजलेला. त्याच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूलच जन्मतः नव्हता. हजारो पुस्तकं त्याला पाठ होती, पण शर्टाची बटणं लावायला वडील लागत. अमेरिकेत जॉर्ज आणि चार्ल्स नावाचे जुळे भाऊ होते. हजारो वर्षं पुढच्या-मागच्या तारखांचे वार सांगत, आणि साधी बेरीज-वजाबाकी मात्र धड जमत नसे. डॅनिअल टॅमेटने २००४ मध्ये ऑक्सफर्डला गणितातल्या पाय (π) या संख्येचे २२,५१४ अंक तोंडपाठ म्हटले. स्टीफन विल्टशर एका हेलिकॉप्टर फेरीनंतर अख्खं शहर खिडक्यांसकट कागदावर उतरवतो.

यादी पाहिलीत तर या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, ती कडक भाकरी सरांनी सांगितलीच. तारखा, पायचे अंक, इमारती, संगीत: या वस्तू आपल्या जागी थांबलेल्या आहेत. तुम्ही बघताय म्हणून त्या बदलत नाहीत. बाजार मात्र बघणाऱ्यांचाच बनलेला आहे. अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ मध्येच लिहून ठेवलंय की शेअर निवडणं म्हणजे सगळ्यांत सुंदर चेहरा निवडणं नव्हे, बाकीचे कुठला चेहरा निवडतील ते ओळखणं.

आता खरी गंमत. २०१० मध्ये जर्नल ऑफ फायनान्समध्ये एक अभ्यास आला होता. काही सौदेबाजांना आतली माहिती आहे अशा बाजारात पुढचा भाव कुणाला बरोबर ओळखता येतो, हे पाहिलं. ज्यांना दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायच्या चाचण्यांत जास्त गुण, त्यांना भावही जास्त चांगला ओळखता आला. गणिताच्या चाचणीतल्या गुणांचा तसा संबंध दिसला नाही. आणि दुसऱ्याचं मन वाचणं हेच तर बहुतेक स्वमग्न मुलांना सगळ्यांत जड जातं. म्हणजे सबब्रोकर महाशयांनी अगदी नेमका उलटा माणूस निवडलाय.

हुरडा_हुरडा:

ताई, एक नंबर. वाचनखूण साठवली आहे.

क्वांटम_काका:

निरंजनाताई, प्रतिसाद आवडला, पण नाण्याची दुसरी बाजूही तुम्हीच सांगायला हवी होती. दुसऱ्याच्या मनात डोकावण्याची सवय असणारेच बुडबुड्यात आधी उडी घेतात. "सगळे घेतायत म्हणजे कुणाला तरी काही माहीत असणार." ज्याला ही सवय नाही तो कळपाबाहेर राहील. मायकेल बरीचं उदाहरण घ्या. शिकला डॉक्टरकी, चालवायचा गुंतवणूक फंड, स्वतःला स्वमग्नतेचाच एक प्रकार मानलेलं अ‍ॅस्पर्जर असल्याचं त्याने उघड सांगितलंय. घरकर्जांच्या रोख्यांची शेकडो पानी कंटाळवाणी कागदपत्रं त्याने खरोखर वाचली, आणि २००५ पासून त्यांच्या बुडण्यावर पैज लावली. त्याचेच गुंतवणूकदार त्याच्यावर चिडले होते. २००७ मध्ये तो बरोबर निघाला.

निरंजना:

काका, अगदी मान्य. २००८ मध्ये लंडनच्या संशोधकांना हेच दिसलं होतं. तोच पर्याय "एवढे पैसे राहतील" किंवा "एवढे जातील" अशा शब्दांत मांडला की सामान्य माणसाचा निर्णय जितका डळमळतो, तितका स्वमग्न माणसांचा डळमळत नाही. आणि व्हर्नन स्मिथ, २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले, त्यांनीही स्वतःला अ‍ॅस्पर्जर असल्याचं सांगितलंय. त्यांच्याच प्रयोगशाळेत १९८८ च्या सुमारास दिसलं की शेअरची खरी किंमत प्रत्येकाला कागदावर लिहून दिली, तरी लोक भाव फुगवतात आणि मग तो फुटतो.

पण बरी आणि स्मिथ सॅव्हंट नाहीत हो. बरीने तारखा पाठ केल्या नाहीत, दस्तऐवज वाचले. त्याला भविष्य दिसलं नाही, लिहिलेलं दिसलं.

अडत्या_मार्केटयार्ड:

मी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही.

आमचा धंदा कांद्याचा. डिसेंबर-जानेवारीत सोलापूर बाजार समितीत या, गाड्यांची रांग बघून तुम्हाला वाटेल देशातला सगळा कांदा इथंच आला. आमच्याकडे एक जुने हमाल होते, आता नाहीत. गोणी खांद्यावर घेतली की वजन किलोच्या फरकाने सांगायचे. कांदा हातात घेऊन दोन बोटांनी मान दाबायची, साल कानाजवळ चुरगाळायची, आणि हा माल किती दिवस टिकेल ते सांगायचे. बहुतेक बरोबर. शाळेची पायरी चढलेली नव्हती. पण उद्याचा भाव विचारला की म्हणायचे, "ते दिल्लीला विचार."

आणि खरंच दिल्लीलाच विचारायला लागतं. ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदीचा आदेश निघाला, ऐन लाल कांद्याच्या आवकेत. भाव कोसळले. बंदी उठली ४ मे २०२४ ला. मागच्या ५० वर्षांचे भाव ज्याला पाठ आहेत त्याला तरी ६ डिसेंबरला काय दिसलं असतं? माल कळणं वेगळं, भाव कळणं वेगळं.

थीटा_खाणारा:

शेवटच्या वाक्याला दंडवत. ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस आठवा. आदल्या दिवशी एक्झिट पोलवर निफ्टी तीन टक्क्यांवर चढला, निकालाच्या दिवशी सहाएक टक्के आपटला. चार्ट दोन्ही दिवशी तोच होता.

बार्शीलाईट:

अवांतर: ओपन-क्लोज म्हटलं की आमच्या आजोबांचे डोळे चमकायचे. ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. मटक्याचा आकडा मुळात कुठून आला ठाऊक आहे का? न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडायचा आणि बंद व्हायचा भाव तारेने मुंबईला यायचा, त्यावर लोक पैसे लावायचे. १९६१ च्या सुमारास ते बंद पडलं, मग मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले. म्हणजे दिवसभर मिलमध्ये कापूस पिंजायचा आणि संध्याकाळी कापसावरच पगार घालवायचा. याला म्हणतात एकात्मिक वस्त्रोद्योग. (हलके घ्या.)

अनघा_जुळे_सोलापूर:

माझ्या आजोबांकडे मटक्याची वही होती! रोजचे आकडे तारखेवार लिहिलेले, बाजूला लाल शाईत बाण. आजी म्हणायची तेवढी वह्या भरून शिकवणी घेतली असती तर पक्कं घर झालं असतं.

फॅमिली_पेन्शन:

वही आमच्याकडेही होती. अधिक लिहीत नाही.

संचालक:

मधल्या एका प्रतिसादातली "सुपर मेमरी ज्युनिअर, रोज एक्स्पायरीचा एकच कॉल" या चॅनलची लिंक काढली आहे. तो आयडी गोठवला आहे. असे प्रतिसाद दिसल्यास कळवावे.

थीटा_खाणारा:

संचालक, धन्यवाद. या निमित्ताने नव्या लोकांसाठी ही युक्ती लिहून ठेवतो. १,०२४ जणांना मेसेज जातो. अर्ध्यांना "उद्या वर", अर्ध्यांना "उद्या खाली". ज्या ५१२ जणांचं बरोबर आलं त्यांनाच पुढचा मेसेज, परत अर्धे-अर्धे. पाच दिवसांनी ३२ माणसं उरतात ज्यांनी सलग पाच वेळा अचूक भविष्य पाहिलंय. ती ३२ घर गहाण टाकायला तयार असतात. त्यात एखाद्या स्वमग्न मुलाचा फोटो लावला की अजून सोपं, कारण आपल्याकडे अशा मुलाला एकतर वेडा म्हणतात नाहीतर अवतार. चाटीगल्ली, तुमच्या त्या मित्राचा हेतू चांगला असेलही, पण भाच्याच्या नावावर टिप्स विकायचा विचार असेल तर सेबीकडे सल्लागार किंवा विश्लेषक म्हणून नोंदणी लागते, आणि खात्रीच्या नफ्याचं आश्वासन तर नोंदणी असूनही देता येत नाही.

सुलभामावशी:

सगळं वाचलं. सगळे हुशार आहात. पण एवढ्या प्रतिसादांत एकानेही विचारलं नाही की त्या मुलाला हे करायचंय का.

माझा मुलगा २४ चा आहे, स्वमग्न. त्याला रेल्वेचं वेळापत्रक पाठ. नातेवाईक आले की "म्हण रे सिद्धेश्वर एक्स्प्रेस, म्हण रे हुतात्मा." तो म्हणायचा, टाळ्या पडायच्या. नंतर रात्रभर तो झोपायचा नाही, हात चावायचा. आम्हाला ते एकमेकांशी जोडायला फार वेळ लागला. आता पाहुण्यांना दारातच सांगते, परीक्षा घ्यायची नाही, चहा घ्या. आणि समजा तुमच्या भाच्याने चार दिवस बरोबर सांगितलं, पाचव्या दिवशी चुकला, कुणाचे दोन लाख गेले. तो माणूस घरी येऊन कुणावर ओरडणार?

हुरडा_हुरडा:

मावशी, बरोबर बोललात. 🙏

चाटीगल्ली:

मावशी, तुमचा प्रतिसाद ताईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, मोबाईल हातातून घेऊन स्वतः परत वाचला.

आता बाकीच्यांसाठी. दाजींच्या मित्राने डेटा आणलाच. छापील कागद, तारीख, उघडला, वर, खाली, बंद. ताई शेजारी बसली होती, भाच्याला नको असेल तर उठायचं असं ठरवून. तो उठला नाही, उलट रमला. बोट फक्त पहिल्या रकान्यावर. भावांच्या रकान्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वीसएक मिनिटांनी एका ओळीवर बोट ठेवून "चूक" म्हणाला. १२ नोव्हेंबर २०२३. रविवार. मग पुढे २ मार्च २०२४, "चूक, शनिवार." १८ मे २०२४, शनिवार. १ फेब्रुवारी २०२५, शनिवार. अशा आणखीही ओळी निघाल्या, या चार माझ्या लक्षात राहिल्या. मित्राने कपाळाला हात लावला. या चारांतला पहिला दिवाळीच्या मुहूर्ताचा सौदा, मधले दोन एक्स्चेंजने पर्यायी यंत्रणा तपासायला ठेवलेले खास शनिवार, शेवटचा बजेटचा. म्हणजे डेटा बरोबरच होता, पण भाच्याच्या मते शनिवार-रविवारी बाजार भरणं हीच चूक. त्याने त्या सगळ्या ओळींवर पट्टीने रेघ मारली.

मित्र निघून गेले. फाइल इथेच आहे, भाचा रोज काढून बसतो.

बार्शीलाईट:

बजेट रद्द करणारा पहिला सोलापूरकर. भाच्याला माझा सलाम सांगा.

थीटा_खाणारा:

१ फेब्रुवारीला मी पोझिशन घेऊन बसलो होतो. ती रेघ आधी मारली असती तर बरं झालं असतं.

क्वांटम_काका:

हसण्यावारी नेऊ नका. हजारो ओळींतून नेमक्या वेगळ्या ओळी काढल्या, तेही कुणी न सांगता. हिशोब तपासणी, नोंदींची पडताळणी, सॉफ्टवेअरची चाचणी, अशा कामांत ही नजर सोन्यासारखी आहे. जगात काही कंपन्या स्वमग्न माणसांना मुद्दाम घेतात त्या याच कामासाठी. भविष्य सांगण्यात नसेल, पण बाजारात उपयोग आहे, एवढं तरी मान्य करा.

कडक_भाकरी:

शनिवार शोधायला एक्सेलला एक सूत्र पुरतं, काका. पण पडताळणीच्या कामाचं म्हणणं पटलं. कुठली ओळ वेगळी आहे हे न सांगता कळणं, ही गोष्ट सूत्राच्या आधीची आहे.

मूळ प्रश्नाबद्दल एक राहिलं. कुणाला तरीही परीक्षा घ्यायचीच असेल, भाच्याची नव्हे, कुठल्याही भविष्यवाल्याची, तर अंदाज आदल्या दिवशी लिहून पाकिटात बंद करा आणि ६० दिवस मोजा. ६० पैकी ३५ बरोबर आले म्हणून नाचू नका. नाणं उडवूनही आठात एकदा तेवढे येतात. शिवाय निफ्टी निम्म्याहून जास्त दिवस वरच बंद होतो, त्यामुळे डोळे मिटून रोज "वर" म्हणणारा नाण्यापेक्षा हुशार दिसतो.

फॅमिली_पेन्शन:

सर, रोज "वर" म्हणणारे आमच्याकडे कट्ट्यावर तिघे आहेत. त्यांचं नाव कळवू का मेडॅलियनला?

सुलभामावशी:

चाटीगल्ली, ताईंना माझ्याकडून एक विचारा. मुलगा १९ चा म्हणालात. पालकत्वाचा दाखला काढलाय का? अठरा पूर्ण झाल्यावर आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेचं खातं, सही, उद्या घराची वाटणी, सगळीकडे अडतं. डीमॅट लांबची गोष्ट.

चाटीगल्ली:

नाही काढलेला. आम्हाला माहीतच नव्हतं. कुठे जायचं असतं? वकील लागतो का?

निरंजना:

वकील लागत नाही. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्याकडे अर्ज करायचा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधी हवं. स्वमग्नता २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं. त्याच ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो. तोही अर्ज सोबतच करून टाका.

सुलभामावशी:

कागद दोन-दोन प्रती न्या, मुलाचा जन्मदाखला मूळ न्या. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर कचेरीत जाऊ नका, लोकशाही दिन असतो, मुंगीलाही जागा नसते. मुलाला न्यावं लागलं तर सकाळी उघडताच जा. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आम्ही भरलेल्या अर्जाची प्रत पाठवते.

चाटीगल्ली:

व्यनि केलाय मावशी.